खान्देशातून कोकणात, खाडीत मोटरच्या कयाकने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेले तीन हिवाळे आम्ही घरचे सगळे कोकणात जाऊन खाडीत मोटरची कयाक चालवून येतो. तेव्हापासून अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा इकडून नातेवाइकांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचे बसून लिहून काढले. आपल्याला नदी कळते. तापीचा पूर येणार हे आपल्याला पाण्याच्या रंगावरून समजतं, विहिरीत पोहायला आपण लहानपणी शिकतो. पण नदी एकाच दिशेने वाहते. खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं, आणि आपली चूक होते ती नेमकी तिथे. तेवढ्यासाठी सातवा आणि नववा प्रश्न तरी पूर्ण वाचा.

१. मोटरची कयाक म्हणजे काय? स्पीडबोटीसारखी पळते का?

नाही. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, एका किंवा दोन माणसांची होडी. पर्यटकांना मिळते ती बहुतेक वेळा जाड प्लास्टिकची, वर बसायची असते. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी त्यातूनच निघून जातं. ती भोकं बघून आमच्या आबांनी आधी बसायलाच नकार दिला होता, पण होडीचं अंग पोकळ आणि बंद असतं, त्यामुळे भोकांनी ती बुडत नाही. अशा कयाकला मागे किंवा बाजूला विजेवर चालणारी छोटी मोटर लावतात, ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. वेग ताशी सहा-सात किलोमीटर धरा, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका. आवाज जवळजवळ नसतो. धूर नाही, वास नाही.

२. मग साधी वल्ह्याची कयाक काय वाईट?

वाईट मुळीच नाही, आणि पहिल्या दिवशी अर्धा तास साधीच चालवा. होडी वळते कशी, डुलते कशी हे हाताला कळतं. मोटरचा फायदा होतो घरात सगळ्यांच्या दंडात सारखी ताकद नसते तेव्हा. दहा वर्षांची मुलगी आणि तिची आजी एका होडीत असतील तर वीस मिनिटांत दोघी थकतात, आणि मग परतीचं अंतर डोंगराएवढं वाटतं. मोटर असली की निवांत बघता येतं: कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांची मुळं, चिखलावर एक मोठी नांगी हलवत बसलेले खेकडे, खंड्या.

मोटर असली तरी वल्हं होडीत हवंच, आणि ते दोरीने बांधलेलं हवं. वल्हं न देता मोटरची कयाक देणाऱ्याकडून होडी घेऊ नका.

३. मला पोहता येत नाही. बसू का?

खाडीच्या आतल्या शांत पाण्यात, अंगात नीट बसलेलं लाइफ जॅकेट घालून, सोबत चालकाची (होडी भाड्याने देणाऱ्याची) माणसं असतील तर बसता येतं. घरातून निघण्याआधी एकदा जवळच्या जलतरण तलावात जॅकेट घालून पाठीवर तरंगून बघा. पाण्यात तोंड वर राहतं हा विश्वास शरीराला आधी मिळाला पाहिजे. ज्याला तो नसतो तो उलटल्यावर शेजारच्याला मिठी मारतो. जॅकेटचं माप प्रश्न १२ मध्ये, उलटल्यावर काय करायचं ते प्रश्न १३ मध्ये.

४. नेमकं कुठे जावं?

उघडा समुद्र सोडा, खाडी धरा. आमचं आवडतं ठिकाण मालवणजवळ देवबाग-तारकर्लीच्या मागची कर्ली नदीची खाडी. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि मध्ये माडांची अरुंद पट्टी. मात्र कर्ली समुद्राला मिळते त्या संगमाकडे आणि तिथल्या वाळूच्या बेटाकडे कयाक नेऊ नका. तिथे जेट स्की आणि स्पीडबोटींची गर्दी असते, मुखापाशी ओढही जोरात असते. संगमाकडे पाठ करून वरच्या अंगाला जा, गंमत तिकडेच आहे.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. घरात कोणी कयाकला घाबरत असेल तर त्यांना तिथे न्या. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, तिथे मोठ्या होडीतून मगरी बघायच्या, कयाक नाही.

मोटरची कयाक सगळीकडे मिळत नाही, साधी मिळते. आरक्षण करताना फोनवर स्पष्ट विचारा: मोटर आहे का, बॅटरी कोणती, सोबत माणूस येतो का.

जाण्याबद्दल थोडक्यात: जळगावहून मालवण पुण्यामार्गे साडेसातशे-आठशे किलोमीटर पडतं, लहान मुलं असतील तर मध्ये मुक्काम करा. रेल्वेने जायचं तर भुसावळहून मंगला एक्सप्रेस पनवेलमार्गे कोकण रेल्वेला लागते.

५. आम्ही नंदुरबारचे. सुरतचा समुद्र तीन-चार तासांवर. तिकडे का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मन मोडताना वाईट वाटतं, कारण आपली तापी तिथेच डुमसजवळ समुद्राला मिळते. पण कारण पक्कं आहे. खंभातच्या आखाताकडे समुद्र निमुळता होत जातो, त्यामुळे भरतीचं पाणी तिथे चढतं फार आणि उतरतंही फार. भावनगरकडे हा फरक दहा मीटरच्या आसपास जातो; मालवणला उधाणाच्या दिवशीही तो दोन-अडीच मीटर असतो. सुरतचा किनारा या दोन्हींच्या मध्ये येतो. एवढं पाणी सहा तासांत ये-जा करणार म्हणजे ओढ किती असेल बघा. शिवाय ओहोटीला पाणी लांब मागे जातं आणि मध्ये चिखल उघडा पडतो. त्यात कयाक रुतली तर उतरून चालता येत नाही. डुमसला भजी खायला जा, फिरायला जा. पहिल्यांदा कयाक शिकायला नको.

६. कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी शांत, ऊन सोसवेल असं, हवा स्वच्छ. दिवाळीत गर्दी इतकी असते की चालकाला तुमच्याकडे लक्ष द्यायला वेळ नसतो. मेच्या सुट्टीत जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात उरका. महिनाअखेरीस लाटा उठायला लागतात आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंदच असतात. जून-जुलैमध्ये मच्छीमारांच्या मोटरहोड्यासुद्धा मासेमारीबंदीमुळे काठावर ओढलेल्या असतात. त्या काळात कोणी "खाडीत काही होत नाही, चला" म्हणालं तर जाऊ नका. मुसळधार पावसात कोकणातली नदी तासाभरात फुगते, आणि हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

७. भरती-ओहोटीचं गणित सोपं करून सांगाल का? कोणत्या वेळी निघायचं?

सांगतो, आणि यासाठी घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणातले मच्छीमार एक आडाखा वापरतात: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन. म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला तिथी पंधरा धरायची, उत्तर येतं सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हिशेब तोच. तिथून सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा आडाखा आहे, घड्याळ नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून खात्री करा.

आता निघायची वेळ. खाडीत भरतीचं पाणी आत, वरच्या अंगाला जातं. ओहोटीचं पाणी मुखाकडे, समुद्राकडे जातं. म्हणून भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघा, पाण्याबरोबर वर जा आणि भरती पूर्ण होताना, पाणी थबकतं त्या वेळी परत फिरा. जाताना मोटर बंद पडली, वल्हं हातातून गेलं, काहीही झालं तरी पाणी तुम्हाला आत, गावांच्या बाजूला नेईल. हेच तुम्ही ओहोटी लागल्यावर निघालात तर तीच बिघडलेली होडी मुखाकडे जाते.

आणखी एक. सहा तासांत पाणी सारख्या जोराने येत नाही. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात, मग पुन्हा हळू. एकूण चढणाऱ्या पाण्याचा जवळपास अर्धा भाग त्या मधल्या दोन तासांत येतो. म्हणजे शेवटचे दोन तास सौम्य असतात, आणि आपल्याला तेच हवेत.

भरती पूर्ण होण्याची वेळ सकाळी आठ ते दहाच्या मध्ये हवी असं धरलं तर एकादशी ते त्रयोदशी हे दिवस बरोबर जमतात. आम्ही द्वादशी बघून जातो, म्हणजे घरातल्यांची एकादशीही घडते आणि उपवासाच्या पोटी कोणी पाण्यात उतरत नाही.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती सौम्य. मग अष्टमीलाच का जात नाही? कारण त्या दिवशी सकाळी सहाला भरती संपते आणि तुम्ही नाश्ता करून निघाल तेव्हा ओहोटी सुरू असते. अष्टमीला जायचंच तर दुपारी साडेतीन-चारला निघा, वारा बघा आणि अंधाराआधी काठाला या.

८. वाऱ्याचं काय बघायचं?

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे कामाला येतात. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. मतलई वाऱ्यात काठाजवळचं पाणी आरशासारखं दिसतं आणि फसवतं, कारण वारा तुम्हाला हळूहळू बाहेर ढकलत असतो. खाडीच्या आत माडांचा आडोसा असल्याने दोन्हींचा त्रास कमी. साधारण अकरानंतर खारा वारा जोर धरतो आणि रुंद खाडीत बारीक लाटा उठतात. त्याआधी काठाला या. पाण्यावर पांढरे फेसाचे ठिपके दिसायला लागले की त्या दिवशी कयाक नाही.

९. बॅटरी किती वेळ पुरते? चालक म्हणतो दोन तास आरामात.

हा आकडा वेगावर अवलंबून असतो, आणि चालक बहुतेक वेळा सर्वात हळू वेगाचा आकडा सांगतो. कयाकला लावतात त्यातली ५५ पौंड जोराची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. ५० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर सरळ हिशेबाने एक तास, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि बॅटरी जुनी असेल तर आणखी कमी. वेग दुप्पट करायचा तर पाणी कापायला जवळपास आठपट शक्ती लागते. म्हणून निम्म्या वेगात तीच बॅटरी कितीतरी जास्त चालते. मोटरला बहुतेक पाच गियर असतात. दुसऱ्या-तिसऱ्यावर राहा.

आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. दुसऱ्या वर्षी एका वेगळ्या खाडीत गेलो होतो. चालकाने "दोन तास" सांगितलं, मी बॅटरीबद्दल पुढे काही विचारलं नाही, ती चूक माझी. मेव्हणा पुढे बसलेला, मोटरचा दांडा माझ्या हातात, आणि मी जाताना पूर्ण वेग दिला. चाळीस मिनिटांत मोटरचा आवाज बारीक झाला, मग पंखा नुसता फिरतोय असं वाटलं, मग तोही थांबला. आम्ही निघालो होतो उशिरा, ओहोटी लागली होती. होडी हळूहळू आडवी होऊन मुखाकडे सरकायला लागली. बाजूच्या बांबूच्या खुंटाकडे बघितलं तेव्हा कळलं की आपण थांबलेलो नाही. वल्हं एकच. मधल्या प्रवाहात दहा मिनिटं मारून एक हातही पुढे गेलो नाही. मग मेव्हणा म्हणाला, "भो, काठाले चाल." काठाला, कांदळवनाला चिकटून पाणी संथ होतं. मुळांना हात लावत, आळीपाळीने वल्हं मारत दीड किलोमीटर यायला तासाहून जास्त लागला. तळहातांची कातडी सोलली होती. काठावर बायको उभी होती, ती काही बोलली नाही, नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला.

तेव्हापासून आमचा नियम: बॅटरीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेल्याला हात लावायचा नाही. निघताना बॅटरी पूर्ण भरल्याचं मीटरवर डोळ्यांनी बघायचं. मीटर नसेल तर त्या होडीचा चार्ज शेवटचा कधी केला हे विचारायचं, आणि उत्तर टाळाटाळीचं आलं तर साधी कयाक घ्यायची.

१०. एका कयाकमध्ये किती जण बसतात? दोन मोठे आणि एक मूल चालेल?

जागेवर नाही, वजनावर ठरवा. होडीवर किती किलोची मर्यादा आहे ते लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. हिशेब असा: बाबा ७८, आई ६२, मुलगा २५, शिसे-आम्लाची मोठी बॅटरी २५, मोटर ९, पाण्याच्या बाटल्या आणि पिशवी ५. झाले २०४ किलो. दोन माणसांच्या अनेक कयाकींची मर्यादा याच्याच आसपास असते, आणि मर्यादेला टेकलेली होडी वळायला जड, डुलायला हलकी. बॅटरी लिथियमची असेल तर वजन बरंच कमी होतं. तिसरं माणूस मूल असलं तरी मला दोन होड्या घेणं पटतं. पैसे जास्त जातात, मान्य आहे.

जड माणूस मागे, हलका पुढे. बॅटरी मध्यावर आणि बांधलेली.

११. मुलं किती वर्षांची असावीत? आणि माय-आबांना नेता येईल?

मुलांबाबत मी वय नाही, दोन गोष्टी बघतो: त्याच्या वजनाच्या मापाचं जॅकेट चालकाकडे आहे का, आणि "हलू नको" म्हटल्यावर ते हलत नाही का. मोठ्यांचं जॅकेट आवळून मुलाला घालणं धोक्याचं, पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. सहा वर्षांखालच्यांना आम्ही नेत नाही.

वडीलधाऱ्यांचं खरं अडतं ते बसताना-उतरताना. होडी डुलते, गुडघे वाकत नाहीत. जेटीवरून खाली उतरण्यापेक्षा वाळूच्या उतारावरून, होडी गुडघाभर पाण्यात धरून बसवा. दोन माणसांनी दोन बाजूंनी होडी धरायची, आधी मधोमध बूड टेकवायचं, मग पाय आत. माझ्या मायने आयुष्यात पाणी बघितलं ते पांझरेचं आणि विहिरीचं. पहिल्यांदा बसली तेव्हा दोन्ही हातांनी होडीचे काठ असे धरले होते की बोटं पांढरी पडली. पाचेक मिनिटांनी एक हात सुटला, तिने बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. "खारंच आहे," म्हणाली. मग दुसरा हातही सुटला. परत येईपर्यंत ती पाण्यात हात घालूनच बसली होती.

हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चक्कर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात नको. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि नाश्ता चुकवू नये. ऊन त्यांना जास्त लागतं, प्रश्न १६ बघा.

१२. लाइफ जॅकेट बरोबर बसलंय हे कसं ओळखायचं?

सगळे पट्टे लावा, मग दुसऱ्याने दोन्ही खांदे धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. फाटलेलं, आतला फोम दबून पातळ झालेला, बक्कल तुटून सुतळीने बांधलेलं असं जॅकेट परत द्या. संकोच करू नका. फोटोसाठी काढायचं नाही, काठाजवळ आलो म्हणूनही काढायचं नाही.

१३. उलटली तर?

शांत पाण्यात सहसा उलटत नाही. उलटते ती दोघं एकाच बाजूला वाकल्यावर किंवा उभं राहून फोटो काढताना. उलटलीच तर पहिलं काम मोटर बंद. काही मोटरींना चुंबकाची किल्ली असते, तिची दोरी जॅकेटला अडकवतात, म्हणजे माणूस पडला की मोटर आपोआप थांबते. तशी किल्ली नसेल तर बंद करायचं बटण कुठे आहे हे निघण्याआधी हाताने चाचपून ठेवा.

मग होडी सोडू नका. एकटं काठाकडे पोहत निघू नका. होडी तरंगते आणि लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. होडी सुलटी करा, एकाने पलीकडून धरा, दुसऱ्याने बाजूने पाय मारत पोटावर आत यायचं, विहिरीच्या काठावर चढतो तसं, मग वळून बसायचं. मोटरच्या बाजूने चढायचं नाही. हा सराव काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात एकदा करून घ्या. मुलांना तो सगळ्यात जास्त आवडतो.

१४. पंख्यात काही अडकलं तर?

अडकतंच. जाळ्याचा तुटका नायलॉनचा दोरा, प्लास्टिकची पिशवी, शेवाळ. मोटरचा आवाज बदलला की लगेच बंद करा, बॅटरीची पिन काढा, मोटर वर उचला, मग हात लावा. पिन काढल्याशिवाय पंख्याला हात नाही. बोथट टोकाचा छोटा चाकू दोरीने बांधून जवळ ठेवा. पाण्यात बांबूच्या खुंटांची ओळ किंवा तरंगणारे गोळे दिसले तर तिथे कोणाचं तरी जाळं लावलेलं आहे. लांबून वळून जा, त्या जाळ्यावर एक घर चालतं.

१५. कपडे काय घालावेत? साडी चालेल का? चष्मा, मोबाइल?

साडी नको. ओली झाल्यावर पायात गुंतते आणि पंख्याचा धोका वेगळाच. पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी काठावर ठेवून. लांब बाह्यांचा पातळ टी-शर्ट सगळ्यांना उत्तम. पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत. खाडीतल्या खडकांवर आणि मुळांवर कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. अनवाणी पाय ठेवला की टाच कापते. चष्म्याला दोरी. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात.

१६. आम्ही ४५ अंशातले लोक. कोकणातल्या ३२ अंशाने काय होणार?

हाच समज आपल्याला आडवा करतो. आपल्याकडची उष्णता कोरडी, घाम सुकतो आणि अंग गार होतं. तिथे हवेतच ओल असते, घाम सुकत नाही, अंग आतून तापत राहतं आणि वाऱ्यामुळे ते कळतही नाही. शिवाय पाण्यावरून परतणारं ऊन खालून, हनुवटीला आणि डोळ्यांना लागतं. टोपी, उपरणं, दर अर्ध्या तासाला पाणी, सोबत मीठ-साखर-लिंबू. डोकं ठणकलं, मळमळलं तर सावलीत, पुढची फेरी रद्द. आदल्या रात्रीची शेवभाजी तिखट करू नका. बरोबर न्यायला दशम्या उत्तम, दोन दिवस टिकतात आणि खारट हाताने खाल्ल्या तरी गोडच लागतात.

१७. चालक विश्वासाचा आहे हे कसं ओळखायचं? काही झालं तर फोन कोणाला?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा चालवायला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. ती दाखवा म्हणायला लाजू नका, आणि विम्याचंही विचारा. माझी स्वतःची परीक्षा सोपी आहे. मी विचारतो, "आज भरती किती वाजता?" जाणता माणूस मोबाइल न बघता सांगतो. दुसरी गोष्ट, तो तुम्हाला "आज नको" म्हणू शकतो का. पहिल्या वर्षी आम्हाला एका तरुण चालकाने वारा बघून परत पाठवलं होतं, तेव्हा आम्ही चिडलो होतो. आता दरवर्षी त्याच्याकडेच जातो.

फोन: ११२ सगळीकडे चालतो. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३. काठावर थांबणाऱ्या एका माणसाला तुमची परतायची वेळ सांगून ठेवा.

१८. ऑनलाइन हवेची कयाक आणि छोटी मोटर मिळते. घेऊन गेलो तर स्वस्त पडेल ना?

स्वस्त पडेल, पण नवख्याने नको. हवेची होडी हलकी असते, पाण्यापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकते. तिच्यावर जड बॅटरी ठेवली की मागचा भाग दबतो आणि नाक वर उठून वाऱ्यात फिरतं. कालवांवर घासली तर फाटते. शिवाय कायद्याची बाजू आहे: खाडी-नदीत यंत्राने चालणाऱ्या जलयानांची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात येते. म्हणून स्वतःची मोटर लावून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा. नेलीच, तर परत आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुवा. एक रात्र खारं पाणी राहिलं तर तारांची टोकं हिरवी पडतात.

१९. मग आधी आपल्याच धरणात सराव केला तर? हतनूर, गिरणा?

जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय धरणाच्या पाण्यात होडी घालू नका. हतनूरच्या पाणफुगवट्यात हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरलेले असतात, त्यांच्यात मोटर नेणं मला पटत नाही. दरवाजे उघडण्याचा धोका तर आहेच. वल्ह्याची आणि तरंगण्याची सवय जलतरण तलावात होते. नुसतं होडीत बसायची भीती घालवायची तर तोरणमाळला यशवंत तलावात नौकाविहार करून या.

२०. कयाकने सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालता येईल? डॉल्फिन दिसतील?

दोन्हींना नाही. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत, लाटा तटावर आपटून परत फिरतात आणि प्रवासी होड्यांची सतत ये-जा असते. मालवणच्या जेटीवरून होडी जाते, तिने जा आणि किल्ल्याला निवांत अर्धा दिवस द्या. डॉल्फिन उघड्या समुद्रात, त्यासाठी मोठी होडी, सकाळी लवकर.

२१. रात्री पाणी निळं चमकतं म्हणतात. ते बघायला कयाकने जाता येईल?

चमकतं, हे खरं आहे. समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव पाणी हललं की प्रकाश देतात. हिवाळ्यात कोकणात काही रात्री ते दिसतं, काळोख्या पक्षात जास्त स्पष्ट. पण अंधारात कयाक नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. खुंट दिसत नाहीत, येणाऱ्या होडीला तुम्ही दिसत नाही, आणि पडलेलं माणूस सापडत नाही. आम्ही जेवणं झाल्यावर जेटीच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसलो आणि मुलांच्या हातात माडाचा एकेक हीर, म्हणजे झावळीच्या पात्याची काडी, दिला. हीर पाण्यातून ओढला की मागे निळी रेघ उठायची आणि विझायची. माय वरच्या पायरीवर होती, तिनेही एक हीर मागून घेतला.